मशीन जोर घेणा नाय

बंद पडलेल्या इंजिनात आबांना रस नसतो. दोरी ओढली तरी हूं नाही की चूं नाही, असं इंजिन कोणी पुढ्यात आणून ठेवलं तर ते लांबूनच मान हलवतात, "मिस्त्रीकडे घेवन जा" म्हणतात आणि विडी पेटवतात. त्यात बोलण्यासारखं काही उरत नाही. ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल नाही, नाहीतर आत काहीतरी अडकून बसलंय. तीन वाक्यांत विषय संपला. आबांना हवं असतं ते चालणारं इंजिन. पहिल्या ओढीला सुरू होणारं, काठावर शहाण्यासारखं गुरगुरणारं, खाडीच्या मुखापर्यंत होडी नेणारं. तिथे मूठ पूर्ण वळवली की आवाज तेवढा जाड होतो, होडीचं नाक वर येतं आणि वेग मात्र होता तिथेच राहतो. मग मालक परत फिरतो, होडी वाळूला लावतो आणि कोणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणतो, "मशीन जोर घेणा नाय."

हे वाक्य आबांना माडांच्या पलीकडूनही ऐकू येतं. एरवी जेवायला बोलावलेलं ऐकू येत नाही.

आबा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. उभी हयात त्यांनी बसच्या डिझेल इंजिनांत हात काळे केले. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतोच. त्यामुळे प्लग या विषयावर बोलताना त्यांना अनुभवाची आडकाठी येत नाही. स्वतःची होडी त्यांनी कधी घेतली नाही. समुद्रात उतरतात ते गणपती विसर्जनाला, आणि तेही गुडघाभर. पण किनाऱ्यावर त्यांचा शब्द चालतो, कारण तो इंजिनाच्या आवाजाच्या वर जातो. मालवणपासून देवबागपर्यंतच्या पट्ट्यात असे आबा ठिकठिकाणी आहेत. कोणी निवृत्त मास्तर, कोणी मुंबईच्या गिरणीतून परतलेला, कोणी मस्कतला क्रेन चालवून आलेला. हर्णैला आणि रेवदंड्यालाही असणारच. नसतील तर तिथल्या लोकांची सकाळ कशी जाते, हे मला कळत नाही.

आबांचा हंगाम जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. मेअखेरीला इंजिन होडीच्या मागच्या फळीवरून सोडवून पडवीत आणलेलं असतं. लाकडी घोडीवर टांगून वर गोणपाट टाकलेलं. टांगण्यापूर्वी ज्याने ते गोड्या पाण्यावर चालवून आतलं मीठ धुतलं आणि टाकीची नळी काढून कारबेटरातलं पेट्रोल संपेपर्यंत फिरू दिलं, त्याला नारळी पौर्णिमेला आबांची गरज पडत नाही. पण असे थोडे. बाकीच्यांच्या कारबेटरात दोन महिने पेट्रोल उडत राहतं आणि मागे चिकट राळ उरते. जेटची भोकं मुळातच बारीक. त्यातला मोठ्या वेगाचा जेट बुजला आणि मंद चालीचा मोकळा राहिला, की इंजिन काठावर गुणगुणतं आणि खाडीच्या मुखाशी हात टेकतं. भरीला आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याची टंचाई कधी कोणी ऐकलेली नाही. पाण्याचं प्रमाण हाताबाहेर गेलं की इथेनॉल त्या पाण्यासकट टाकीच्या तळाशी जाऊन बसतं, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या हे असलं पेय पिण्यासाठी केलेल्याच नव्हत्या.

एवढं सगळं आबांना माहीत आहे. आबांना काही माहीत नाही असा कोणाचा समज होत असेल तर तो खोडून काढला पाहिजे. आबांना सगळं माहीत आहे, हीच अडचण आहे.

जोर कमी पडण्याची कारणं आऊटबोर्ड इंजिनात किती असू शकतात, हे एकदा त्यांच्याकडून ऐकावं. दोन सिलिंडरांपैकी एक झोपलेलं असू शकतं. मंद चालीत ते कळत नाही, भार आला की कळतं. प्लग, कॉइल, कारबेटर, पेट्रोलचा पंप. टू-स्ट्रोकमध्ये रीड नावाच्या पातळ पोलादी पट्ट्या असतात, त्यांतली एखादी तुटलेली असू शकते. पिस्टनच्या रिंगा कार्बनमध्ये चिकटलेल्या असू शकतात. मूठ पूर्ण वळत असेल, पण तिच्या टोकाची कांडी झिजल्यामुळे कारबेटरातली झडप अर्धीच उघडत असेल. पंख्याच्या मध्यात रबर बसवलेलं असतं. पंखा खडकाला आपटला तर आतली दात्यांची चाकं वाचावीत म्हणून. ते रबर सुटलं तर इंजिन जोरात फिरतं आणि पंखा आपल्या मर्जीने. आणि इंजिनात काहीच दोष नसूनही होडी रडू शकते: तळाला कालवं-शंखांची पुटं चढलेली, फायबरच्या दोन थरांमध्ये पाणी मुरलेलं, किंवा इंजिन फळीवर इतकं वर बसवलेलं की पंखा पाण्याऐवजी हवा कापतोय.

ही यादी खरी आहे. तिच्यातला प्रत्येक आजार जुन्या इंजिनांना होतो. शहाणा मिस्त्री ती डोक्यात ठेवतो आणि स्वस्तातलं, बाहेरून दिसणारं आधी बघतो. आबा ती पहिल्या दहा मिनिटांत मोठ्याने म्हणून टाकतात. यात त्यांचा हेतू वाईट असतो असं नाही, पण परिणाम मोठा सोयीचा होतो. शेवटी काहीही निघालं तरी ते आबांनी आधीच सांगितलेलं असतं.

"मियां तुका काय सांगलंय?" असं ते नंतर विचारतात. त्यावर कोणी काय बोलणार? सांगितलेलं असतंच.

आऊटबोर्डच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला यंत्रकार अमेरिकेत मिलवॉकीला राहायचा. उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेला असताना पुढे त्याची बायको झालेल्या बेसला आईस्क्रीम हवं झालं. हा होडी वल्हवत पलीकडे गेला आणि परत येईपर्यंत आईस्क्रीमचं पाणी झालं. त्या चिडीतून त्याने होडीच्या मागे टांगायचं इंजिन केलं. १९०९ साली ते बाजारात आलं तेव्हा त्याची ताकद दीड अश्वशक्ती होती. वल्ही फेकून द्या अशी जाहिरात बेसनेच लिहिली. (आमच्या किनाऱ्यावर तो सल्ला आजतागायत कोणी मानलेला नाही. चाळीस अश्वशक्तीच्या होडीतही एक वल्हं आडवं पडलेलं असतं, आणि त्याच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.) ही गोष्ट मी आबांना सांगितली. त्यांनी डोळे मिटून ती पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "दीड हॉर्सपावर? मगे जोर खंयसून येतलो?" शंभरावर वर्षांपूर्वीच्या, समुद्रापलीकडल्या इंजिनाचं निदानही त्यांनी बसल्या जागी करून टाकलं.

आबांची तपासणी कानाने सुरू होते. इंजिनापासून चार हातांवर उभं राहायचं, मान एका बाजूला कलती करायची आणि गर्दीला हाताने गप्प करायचं. "माका आवाजावरसून कळता." मग टाकीचं झाकण उघडून दोन बोटं आत, ती एकमेकांवर चोळायची, वास घ्यायचा. "तेल जास्त झाला." तेवढ्यात कोणी म्हणालं की तेल तर पन्नासाला एक असंच घातलंय, तर पुन्हा वास घ्यायचा. "मगे कमी झाला." त्यानंतर हात पुढे करून, कोणाकडेही न बघता, "धा-अकराचो पानो." पाना येतो. आबा तो हातात तोलून बघतात आणि शेजाऱ्याच्या हातात देतात. आबांच्या हातातून पान्याने बोल्ट सोडवलेला कोणी पाहिलेला नाही; इंजिन खोलण्याचं पाप ते नेहमी दुसऱ्याकडून करवून घेतात.

त्यांची सर्वांत आवडती जागा म्हणजे पिंप. अंगणात प्लास्टिकचं निळं पिंप पाण्याने भरायचं, घोडीवरचं इंजिन त्यात बुडवायचं आणि चालवायचं. पिंपात प्रत्येक इंजिन सुंदर चालतं. कुशीतून थंडाव्याच्या पाण्याची धार लांब पडते, आवाज नितळ, धूर बेताचा. आबा प्रमाणपत्र देतात: "काय्येक झालेला नाय." इंजिन पुन्हा खाडीवर जातं आणि पुन्हा जोर घेत नाही. पिंपात पंख्याला ढकलायला होडी नसते, होडीत चार माणसं आणि जाळं नसतं, समोरून भरतीचं पाणी येत नसतं. जो दोष भाराखालीच दिसतो तो शोधायला भार द्यावा लागतो, म्हणजेच होडीत बसून खाडीत जावं लागतं, आणि तिथे आबा येत नाहीत. त्यांचं म्हणणं, त्यांना काठावरून जास्त स्पष्ट ऐकू येतं.

आबांच्या दरबारात इतरही वैद्य असतात, पण ते एकेका आजाराचे. एकाच्या पंख्याचं रबर एकदा सुटलं होतं. त्याला तेव्हापासून सगळ्यांच्या पंख्यांत रबर सुटलेलं दिसतं. (त्याची युक्ती मात्र चांगली आहे: मधल्या तुकड्यावरून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची आणि फेरी मारून यायची. रेघ तुटली असली तर रबर सुटलं.) दुसऱ्याच्या टाकीच्या झाकणातला हवेचा स्क्रू एकदा बंद राहिला होता, तो कोणाचीही टाकी दिसली की आधी तो स्क्रू फिरवतो आणि फुस्स आवाज आला नाही तर हिरमुसतो. तिसरा फक्त "होडी जड झाली" म्हणतो आणि मालकाच्या पोटाकडे बघतो. हे सगळे आपापल्या दुखण्याला धरून असतात. आबांना कुठल्याच एका दुखण्याचं वेड नाही. ते सगळ्यांचं ऐकून घेतात आणि मग तेच पुन्हा स्वतःच्या आवाजात सांगतात.

गेल्या हंगामाच्या तोंडावर देवबागच्या बाजूला, कर्ली नदीच्या पात्रात, एका होडीवर हा दरबार चांगला चार दिवस भरला. इंजिन दोन सिलिंडरांचं, पंचवीस अश्वशक्तीचं, आणि वय असं की त्याच्यावरचा कंपनीचा स्टिकर कोणालाच वाचता येत नव्हता. तक्रार तीच.

पहिल्या दिवशी प्लग. आबांच्या आज्ञेवरून मालकाने इंजिन चालू असताना एकेका प्लगची टोपी काढून बघायची होती. ज्या सिलिंडरची टोपी काढून चाल बदलत नाही, ते सिलिंडर आधीच मेलेलं. रीत बरोबर आहे. फक्त मालकाचे हात खारट पाण्याने ओले होते. त्याला जो झटका बसला त्याने तो मागच्या मागे पाण्यात बसला. आबा गर्दीकडे वळून म्हणाले, "स्पार्क बरो आसा." हे निदानही अर्धवटच होतं, माणसाला झटका देणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखालीही नीट पडेलच असं नाही. पण मालकाची अवस्था बघता तो मुद्दा कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाचा भाचा आला, आयटीआयत शिकणारा, आणि त्याने येताना कॉम्प्रेशन मोजायचा मीटर आणला. आबांना मीटर आवडत नाहीत. आकडा एकदा समोर आला की बोलणं खुंटतं. पोराने दोन्ही प्लग काढले, मीटर लावला, दोरी ओढली: एकात ११०, दुसऱ्यात १०५. म्हणजे दोन्ही जवळपास सारखीच, रिंगा ठीक, हेड गॅस्केट ठीक, इंजिनाचं पोट निरोगी. खरं तर त्या क्षणी यादीतली काही नावं गळाली. आबांनी मीटर हातात घेतला, काचेवर टिचकी मारली आणि विचारलं, "ह्या खंय घेतलंस? मालवणाक?" पोरगा म्हणाला, ऑनलाइन. "मगे तर झालाच," आबा म्हणाले, आणि गळालेली नावं पुन्हा यादीत आली.

तिसऱ्या दिवशी पोराने झाकण काढून, इंजिन बंद ठेवून, मामाला मूठ पूर्ण वळवायला लावली आणि स्वतः कारबेटरात डोकावून बघितलं. झडप पूर्ण उघडत होती. कारबेटर सोडवून जेट धुतले, फुंकले. सुधारणा शून्य. आबा या सगळ्या वेळात माडाला टेकून दुसऱ्या एका होडीवर बोलत होते. जिथे आकडे निघतात तिथे ते थांबत नाहीत.

चौथ्या दिवशी होडी पात्रात नेली. मागे मालक, मध्ये भाचा, पुढे मालकाची बायको, कारण येताना पलीकडून तांदळाची पोती आणायची होती आणि बाई काही रिकाम्या गप्पांसाठी थांबणार नव्हती. टाकीवर त्यांचा धाकटा, सहा-सात वर्षांचा. मूठ वळवली, नेहमीचा जाड आवाज, नेहमीची रड. धाकट्याला कंटाळा आला आणि तो टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत बसला. सुरू करण्यापूर्वी पेट्रोल चढवायला जो दाबतात तोच. होडीने एकदम उडी मारली. पुढचं टोक खाली बसलं, मागे पांढरा पट्टा उमटला, बाईने पदर दातात धरला. पोरगा घाबरून थांबला. होडी पुन्हा ढेपाळली.

"दाब रे परत," बाई म्हणाली.

पोराने दाबला. होडी पुन्हा पळाली.

"थांब." पोरगा थांबला, होडीही थांबल्यागत. बाई नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पेट्रोल पोचणा नाय तुझा." भाचा तोंडात बोट घालून बघत राहिला. आयटीआयत हेच शिकवतात, फक्त फळ्यावर.

कार्यकारण सरळ आहे. इंजिनाच्या कुशीला पेट्रोलचा पंप असतो आणि त्यात एक पातळ पडदा. इंजिनाच्या पोटात दाब वर-खाली होतो, त्या झटक्यांवर पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून कारबेटरात ढकलतो. वर्षांनी तो पडदा ताठर होतो किंवा त्याला बारीक भोक पडतं. मंद चालीत थोडं पेट्रोल पुरतं, म्हणून काठावर काही कळत नाही. पण दोन माणसांच्या घराला पुरणारा नळ लग्नघराला पुरत नाही. मूठ पूर्ण वळवली की मागणी वाढते आणि कारबेटरातली वाटी रिकामी पडत जाते. हाताने फुगा दाबला की तुटवडा तेवढ्यापुरता भरून निघतो. असंच दामटत राहिलं तर फक्त जोर कमी पडून भागत नाही. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि पिस्टन तापून सिलिंडरला धरू शकतो. मग मात्र आबा विडी पेटवून "मिस्त्रीकडे घेवन जा" म्हणतात.

मालवणातून पडदा आणि नवी नळी आणली. जुनी नळी कापून बघितली तर तिचा आतला थर सुटून लोंबत होता. म्हणजे दोष एकट्या पडद्याचा नव्हताच, दोघांनी वाटून घेतला होता. जुन्या यंत्रांचं हे असंच असतं; एका गुन्हेगाराला पकडून खटला मिटत नाही. भाच्याने सगळं बसवलं. टाकी, झाकणाचा स्क्रू, नळीची टोकं सगळं बघून झालं आणि पोराला ताकीद देण्यात आली की फुग्याला हात लावायचा नाही.

आता आबा आले. त्यांना बातमी कळलेली होती. "मियां पयल्या दिवसापासून काय म्हणत होतंय? पेट्रोल!" आणि खरंच, पहिल्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत ते पेट्रोलचा पंप म्हणाले होते, रीड, रिंगा, पंखा, कालवं आणि मालकाचं पोट यांच्या मध्ये कुठेतरी. लोकांनी माना डोलावल्या. मालकाने त्यांना चहा सांगितला. पडद्याचे पैसे मालकाने दिले, काम भाच्याने केलं, दोष बाईने पकडला आणि चहा आबांनी घेतला, यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. चार दिवस किनाऱ्यावर जो काही गलका होता तो आबांमुळे होता. एकट्या भाच्याने मीटर लावून हे काम केलं असतं तर पाहायला मी तिथे थांबलोच नसतो.

मालक एकटाच होडी घेऊन पात्रात गेला. मूठ वळवली आणि इंजिन असं काही सुटलं की पलीकडच्या बगळ्यांनी जागा बदलली. तो वळसा घालून परत आला, दात दाखवत. आबा चहाचा कप हातात धरून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. होडी वाळूला टेकली. गर्दी गप्प.

"जोर जास्त झालो," आबा म्हणाले. "पंखो लहान पडतलो."

मालकाचे दात मिटले. पंख्यावर रेघ मारणारा गृहस्थ लगेच पुढे सरसावला. होडी जड म्हणणाऱ्याने मालकाच्या पोटाकडे बघितलं. आबांनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला, कोणाकडेही न बघता. "धा-अकराचो पानो."

पाना मिळेना. वाळूत बघितला, होडीत बघितला, भाच्याच्या पिशवीत बघितला. मालकाची बायको माशांच्या पाटीवर बसून तांदळाचा हिशेब करत होती. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "माका काय म्हायत?" आणि पाटीवरून काही ती उठली नाही.